आवडीनिवडीच्या चर्चेबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांस नमस्कार.

येत्या बैठकीत ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या दोन ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकांवर चर्चा होईल. यातली कोणती सरस, यावरून आपल्यात वारंवार खटके उडतात, म्हणून ही विनंती आधीच करीत आहोत.

हिरोमु आराकावा यांची याच नावाची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २००१ ते २०१० या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. २००३ ची मालिका आली तेव्हा मूळ कथा अपुरी असल्याने तिने पुढची वाट स्वतः आखली, तर २००९ ची मालिका मांगाला धरून चालते. दोन्ही ‘बोन्स’ याच स्टुडिओच्या आहेत. कथेतले नायक असलेले दोघे भाऊ टकर या पात्राच्या घरी राहतात, तो प्रसंग पाहा. पहिल्या मालिकेत भावांचा तिथला मुक्काम सावकाश रंगतो, त्यामुळे टकर यांच्या लहानग्या मुलीचा, नीनाचा, आपल्याला लळा लागतो; दुसरीत तेच कथानक एका भागात आटोपते. ज्याला हा संथपणा भावतो, त्याला मूळ कथेची जाण नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि असे शेरे ऐकून नवे सभासद बोलेनासे होतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

मत ठाम असावे, पण ते मांडताना एखाद्या प्रसंगाचा, चित्रचौकटीचा किंवा संगीताचा दाखला द्यावा. फक्त जपानी आवाजात पाहणाऱ्यांनी इंग्रजी डबिंग आवडणाऱ्यांना कमी लेखू नये. दोन्ही मालिकांचे शेवट वेगळे असल्याने, ते उघड करण्यापूर्वी उपस्थितांना अवश्य विचारावे.

– संयोजक