ठिणगी माणसाची, वणवा कोरड्या हवेचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी सरत आला की वृत्तपत्रांत सह्याद्रीतील वणव्यांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांवरची चर्चा बहुधा ‘आग कोणी लावली’ या एकाच प्रश्नापाशी थांबते. प्रश्न रास्त आहे, कारण राब भाजणे, काजूच्या बागेची सफाई, शिकार, मध काढण्यासाठी केलेला धूर किंवा नुसती फेकलेली विडी यांतूनच आपल्याकडील बहुतेक वणवे सुरू होतात. पण अशा ठिणग्या दरवर्षी पडतात. वणवा मात्र दरवर्षी सारखाच भडकत नाही.

मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर अनेक दिवस आगी धुमसत होत्या व त्या विझवण्यासाठी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. त्या वेळी घातपाताच्या संशयाची चर्चा भरपूर झाली. ऑक्टोबरच्या मध्यापासून लांबलेला कोरडा काळ, चढलेले तापमान आणि हवेतील घटलेली आर्द्रता यांचाही उल्लेख झाला, पण तो कुठेतरी खालच्या परिच्छेदात. त्याआधीचा फेब्रुवारी हा सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. एरवी ज्या ओढ्याकाठच्या दमट पाचोळ्यात आग आपोआप विझते, तो पाचोळाच अशा वर्षी सरपण होतो.

हवामानाचा हा वाटा सर्वांत स्पष्ट दिसतो तो इंडोनेशियात. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर जमीन साफ करण्यासाठी आग लावण्याची रीत जुनी आहे आणि ती कोणत्याही वर्षी बंद नसते. तरीही २०१५ साली, प्रबळ एल निनोच्या (प्रशांत महासागराचे पाणी तापून इंडोनेशियाकडे पाऊस घटतो, त्या स्थितीच्या) वर्षी, तेथे सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर इतका केला. २०१७ मध्ये हेच क्षेत्र दोन लाख हेक्टरच्याही आत होते. २०१९ मध्ये एल निनो ओसरला असतानाही ते पुन्हा १६ लाख हेक्टरवर गेले, कारण त्या वर्षी ‘इंडियन ओशन डायपोल’ तीव्र होता, म्हणजे सुमात्राजवळचा समुद्र थंड आणि आफ्रिकेकडचा उबदार होता, त्यामुळे इंडोनेशियाकडे पाऊस घटला. त्याच वर्षी आपल्याकडे मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के पडला आणि त्याची माघारही विक्रमी उशिरा सुरू झाली. एकाच महासागराच्या एका काठावर महापूर आणि दुसऱ्या काठावर वणवे, असे ते वर्ष होते.

अर्थात सगळा दोष आभाळावर ढकलणेही चुकीचे ठरेल. १९९६ मध्ये बोर्निओच्या इंडोनेशियाकडील भागात, मध्य कालिमंतानमध्ये, सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीत भातशेती करण्याच्या योजनेसाठी हजारो किलोमीटर कालवे खोदले गेले आणि शतकानुशतके पाण्याखाली साठलेली पीट जमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) कोरडी पडली. (भात फारसा पिकलाच नाही.) पुढच्याच वर्षी एल निनो आला आणि ती जमीन आतून महिनोन्‌महिने जळत राहिली. दुष्काळ हवामानाचा होता, पण त्याला एवढे इंधन माणसानेच उघडे करून दिले होते.

आणखी एक मुद्दा मांडावासा वाटतो. उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या ठिकाणांची संख्या छापली जाते, परंतु तिच्यावरून वणव्याची तीव्रता कळत नाही. कोरड्या पानझडी जंगलातील साग किंवा पळस जाड सालीमुळे जमिनीलगतची आग बऱ्याचदा सोसतो. सदाहरित जंगलातील झाडांची साल पातळ असते. तेथे गुडघ्याएवढी संथ आगसुद्धा मोठी झाडे मारते, वरचे छत विरळ होते, ऊन खाली पोहोचते, गवत वाढते आणि पुढच्या कोरड्या वर्षी तेच जंगल अधिक सहज पेटते. म्हणून आंबोली किंवा तिलारीच्या दमट जंगलातील एक ठिपका आणि माळावरच्या गवतातील दहा ठिपके यांची तुलनाच होऊ शकत नाही.

वन खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानून चालते. पण परतीचा पाऊस कधी थांबला, हिवाळ्यात एखादी सर आली की नाही, एल निनोची स्थिती काय आहे, हे सारे जानेवारीपर्यंत हाती आलेले असते. अशा कोरड्या वर्षी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढणे आणि हंगामी वनरक्षक नेमणे ही कामे महिनाभर आधी व्हावीत आणि मनुष्यबळ आधी दमट जंगलांच्या कडांवर लावावे, अशी वन खात्याकडे मागणी आहे. आपल्याकडे विनंती एवढीच की, वणव्याच्या बातमीत आगींच्या संख्येशेजारी त्या भागात शेवटचा पाऊस कधी पडला आणि त्या दिवशी हवेत आर्द्रता किती होती, हेही छापावे.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी