कापलेल्या जागेवरचं गाणं

प्रिय मित्रा,

फोन केला असता तर हे पाच मिनिटांत सांगून झालं असतं. पण फोनवर मला गाणं गुणगुणून दाखवावं लागलं असतं आणि तू लगेच पुढची ओळ म्हणून टाकली असतीस. ती मला तशी नको होती. का, ते पुढे लिहितो.

मंगळवारी रात्री पाणी प्यायला उठलो आणि अंधारातच नळाखाली बाटली धरली. बाटली भरत आली की आवाज कसा चढत जातो, आठवतंय ना? आतली हवेची जागा कमी होत जाते, तसतसा सूर वर सरकतो. तो चढता सूर कानावर पडला आणि डोक्यात एकदम व्हायोलिनं सुरू झाली. बाटली भरून पाणी हातावरून वाहायला लागलं, तरी मला नळ बंद करायचं सुचेना. आपल्या त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं! पस्तीस वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. असं काही गाणं होतं, हेसुद्धा मी विसरलो होतो. आणि उभ्या उभ्या मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. ध्रुवपद, दोन्ही अंतरे, मधला बासरीचा तुकडासुद्धा.

ते संपलं, क्षणभर शांतता झाली आणि मागोमाग दुसरं आलं. मी ते बोलावलं नव्हतं. कॅसेटवर त्याच्यामागे तेच होतं, म्हणून ते आलं. मग तिसरं. ओट्याला टेकून मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे. डोळे भरून आले होते. दुःख मुळीच नव्हतं, उलट कुणीतरी अचानक दार उघडून आत आल्यासारखं वाटत होतं.

तेव्हापासून चार दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. एन्डल टुल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९६६ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. लोकांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. नुसतं 'आठवा' म्हटल्यावर बरेच शब्द आठवेनात. पण तो शब्द कोणत्या गटातला, पक्ष्यांमधला की कपड्यांमधला, एवढी खूण दिली की त्याच लोकांना आणखी कितीतरी शब्द आठवले. म्हणजे ते गेलेले नव्हतेच, त्यांच्यापर्यंत जायची वाट तेवढी बुजली होती. माझी वाट बाटलीतल्या पाण्यानं उघडली. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला म्हातारपणीही जास्त येतात, असंही संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळलंय. तेव्हा आपण वीस-एकवीस वर्षांचे होतो. त्या वयात कानावर पडलेलं इतकं खोल का जातं, याची कारणं बरीच सांगतात. मला विचारशील तर तेव्हा आपण एकच कॅसेट पन्नास-पन्नास वेळा ऐकायचो, हे कारण पुरेसं आहे.

आणि ते पेनफिल्ड. मॉन्ट्रियलमधले मेंदूचे शल्यविशारद. रुग्ण जागा असताना ते मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाला विजेचा हलका स्पर्श करायचे, तेव्हा काहींना चक्क गाणी ऐकू यायची. एका बाईंना तर शस्त्रक्रियेच्या खोलीत ग्रामोफोन लावलाय असंच वाटलं होतं. हे वाचताना अंगावर काटा आला. मंगळवारी मीही आधी शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाहिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या गाण्यातला पहिल्या अंतऱ्यानंतरचा धक्का आठवतोय? पट्टी यंत्रात अडकली होती, आपण ती पेन्सिलीनं हळूहळू बाहेर ओढली, चुरगळलेला भाग ब्लेडनं कापला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. तुझा हात स्थिर होता म्हणून ते काम तू केलंस, मी फक्त टोकं धरली. वीतभर पट्टी गेली असेल. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते, म्हणजे जेमतेम चार-पाच सेकंदांचं गाणं गेलं. त्यानंतर आपण ते गाणं नेहमी तसंच म्हणायचो. त्या जागी उडी मारून, ताल मोडून, थेट पुढच्या ओळीवर. मंगळवारी रात्री मीही बरोबर तिथे उडी मारली. मुद्दाम नाही, गाणंच तसं आलं.

दुसऱ्या दिवशी मी एक चूक केली. ते गाणं शोधलं आणि लावलं. ओळखीचं असूनही ते परकं वाटत होतं, घाईत गायल्यासारखं आणि चढ्या पट्टीत. बराच वेळ उलगडा होईना. मग लक्षात आलं, आपला टेपरेकॉर्डर हळू चालायचा! वेग सहा टक्क्यांनी कमी झाला की सूर साधारण अर्ध्या स्वरानं उतरतो, पेटीवरच्या शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधल्या अंतराइतका. डॅनिएल लेव्हिटिन या संशोधकांनी १९९४ मध्ये लोकांना आवडीचं गाणं नुसतं आठवून म्हणायला लावलं होतं, तेव्हा साधारण चाळीस टक्के लोकांनी दोन प्रयत्नांपैकी निदान एकदा मूळ ध्वनिमुद्रणातलीच पट्टी धरली. सामान्य माणसं, गाण्याच्या जाणकारीवरून निवडलेली नव्हेत. मग मी मूळच्यापेक्षा खाली गातोय ते चुकून नाही रे. आपल्या खोलीत ते त्याच सुरात वाजायचं, आणि तो सूर मी इतकी वर्षं नेमका सांभाळलाय.

सांभाळला होता, असं लिहायला हवं. कारण मी ते मूळ गाणं त्या दिवशी पाच-सहा वेळा ऐकलं. कापलेल्या जागची ओळही ऐकली. चांगली आहे, पण तिची मला कधी उणीव भासली नव्हती. आणि आता मी गुणगुणायला लागलो की गाणं वरच्या पट्टीतच सुरू होतं, आणि त्या जागी उडी बसतच नाही. ती ओळ मध्ये येतेच. काल संध्याकाळी डोळे मिटून तासभर प्रयत्न केला. आपलं गाणं हाती लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतंय. तू चिकटवलेला तो सांधा जगात फक्त दोन डोक्यांत शिल्लक होता, त्यातला एक मी माझ्या हातानं पुसला.

म्हणून तिसरं गाणं मी शोधलेलं नाही, आणि शोधणारही नाही. त्याचं ध्रुवपद आणि पहिला अंतरा माझ्यापाशी आहे. दुसऱ्या अंतऱ्याची चाल आहे, शब्द नाहीत. ते कसे असतील? तो अंतरा नेहमी तू म्हणायचास आणि मी टेबलावर ठेका धरायचो. काल टेबलाशी बसून पाहिलं, बोटं शेवटच्या समेपर्यंत न चुकता जातात. तुझ्या आवाजाची जागा तेवढी रिकामी राहते.

तर माझं एक काम कर. तो अंतरा मला लिहून पाठव. कुठेही शोधू नकोस, कुणाला विचारू नकोस, ते गाणं लावू तर अजिबात नकोस. जसं आठवेल तसं लिही. एखादा शब्द सुटला तर सुटू दे. तू तिथे एक शब्द नेहमी वेगळाच म्हणायचास, त्यावरून आपलं भांडणही झालं होतं. तो शब्द तुझाच राहू दे. आणि दुसरं गाणंही एकदा म्हणून बघ. तुझ्याकडे ती उडी अजून असली तर कळव, मग मी येतो. तू म्हण, मी नुसता ऐकत बसेन.

वाट पाहतोय.

तुझा,
ठेकेवाला