मुक्ता, कर्जाचा हिशेब पुरा मांड

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुला घाई होती आणि मला राग आला होता, म्हणून पुढचं लिहूनच कळवते. "आई, कर्ज काढून एमबीए करायला चाललेय. दोन वर्षं मान खाली घालून फक्त अभ्यास करणार. क्लब, कमिट्या, फेस्ट हे ज्यांचा अभ्यासात जीव रमत नाही त्यांनी करावं," असं तू म्हणालीस. कर्जाची जाणीव आहे हे चांगलंच. पण त्या कर्जातून तुझ्या पदरात नेमकं काय पडणार आहे, याचा हिशेब तू अर्धाच मांडलायस.

आधी तुझ्या बाजूचं बोलते. एमबीएच्या वर्गात जे शिकवतात ते वाया जाणारं नाही. नोकरीत असताना तू चिडून सांगायचीस की चांगलं डिझाइन वरच्यांनी बाजूला ठेवलं, आणि कारण विचारलं तर "नंबर बसत नाहीत" एवढंच उत्तर आलं. ते नंबर कुठून येतात हे आता तुला कळेल. पाच वर्षांनी परत येणाऱ्या पैशाची आजची किंमत किती, भांडवलाचा खर्च किती धरायचा, तेवढ्याच पैशात दुसरं काय करता आलं असतं, हे प्रश्न तू स्वतःच विचारायला लागशील.

माझ्या मते पहिल्या वर्षातला सगळ्यात मोलाचा विषय अकाउंटिंग, आणि मुलं नेमकी त्यालाच कंटाळतात. कागदावर भरघोस नफा दाखवणाऱ्या कंपनीकडे पगाराला पैसे नसतात, असं कसं होतं? माल उधारीवर गेलेला असतो, गोदामात साठा पडून असतो आणि पुरवठादार रोख मागत दारात उभा असतो. नफा-तोटा पत्रक वाचून हे कळत नाही, त्यासाठी रोख प्रवाहाचं पत्रक उघडावं लागतं. ही नजर एकदा आली की तू कुठल्याही खात्यात गेलीस तरी कामाला येते. विक्रीतल्या माणसाला ती असेल तर गिऱ्हाइकाला 30 दिवसांच्या जागी 60 दिवसांची उधारी देताना तो दोनदा विचार करतो. तर अभ्यास मन लावून कर. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाकीच्या विषयांवर मी लिहीत बसत नाही, तुझं वाचून झालंच असेल.

माझा आक्षेप "फक्त" या शब्दाला आहे.

2002 साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेफ्री फेफर आणि त्यांच्या सहलेखिका क्रिस्टिना फाँग यांनी तोवरचे अभ्यास चाळून एक लेख लिहिला. एमबीएची पदवी असणं किंवा त्यात चांगले गुण मिळणं, यांचा पुढच्या करिअरमधल्या यशाशी फारसा संबंध दिसत नाही, असं त्यांनी त्यात म्हटलं. बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्या माणसानेच हे लिहावं! पदवीबद्दलचं त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं घेत नाही. चांगल्या संस्थेच्या नावामुळे पहिलं दार उघडतं, हे तूही पाहिलंयस. गुणांबद्दलचं मात्र मला पटतं. अमेरिकेतल्या काही नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्ये तर विद्यार्थ्यांनी आपसात ठरवून टाकलंय की नोकरी देणाऱ्यांना गुण सांगायचेच नाहीत. तिथली गुणपत्रिका मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचतच नाही.

मग तिथे काय पोचतं? मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलेय, त्यावरून सांगते. सीव्हीवर क्लबांची नावं सगळ्यांच्याच असतात, ती पाहून कोणी भारावत नाही. आम्ही एखाद्या ओळीवर बोट ठेवतो आणि खोदत जातो. परिषद भरवलीत ना, मग मुख्य वक्त्याने आयत्या वेळी नकार दिला तेव्हा काय केलंत? बजेट किती होतं, कुठे चुकलं? कमिटीतला एक जण काम करत नव्हता, त्याच्याशी कोण बोललं आणि काय बोललं? ज्याने खरंच काम केलेलं असतं तो इथे खुलतो. त्याला आकडे आठवतात, माणसं आठवतात, तो थोडा चिडतोही. ज्याने नुसतं नाव लावलेलं असतं तो "आम्ही सर्वांनी मिळून" या शब्दांच्या मागे लपतो. चार प्रश्नांत कळतं गं.

हे फक्त मुलाखतीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. क्लबमधलं काम कठीण का असतं, ते बघ. तिथे कोणाला पगार नसतो. काम केलं नाही म्हणून तू कोणाला काढू शकत नाहीस, बढतीचं आमिष दाखवू शकत नाहीस. सगळे तुझ्याच वयाचे, तुझ्याइतकेच हुशार, आणि प्रत्येकाची दुसऱ्या दिवशी परीक्षा. अशा माणसांकडून वेळेत काम करून घ्यायचं तर त्यांना ते पटवावं लागतं, श्रेय वाटावं लागतं, एखाद्याला एकट्याला गाठून स्पष्ट बोलावं लागतं. एमबीए करून तू मॅनेजर झालीस की पहिली काही वर्षं अगदी हेच करशील. आयटीवाले, फायनान्सवाले, कारखान्यातले लोक, यांतलं कोणीच तुझ्या हाताखाली नसेल आणि काम मात्र त्यांच्याकडूनच व्हायचं असेल. हुकूम न देता काम करून घेण्याचा सराव करायला कॉलेजच्या क्लबसारखी स्वस्त जागा पुन्हा मिळत नाही. तिथे फसलीस तर फार तर एक कार्यक्रम पडतो.

सगळ्या क्लबांचं मोल सारखं नसतं, हेही सांगते. ज्या कामाच्या शेवटी बाहेरचा कोणी माणूस बसलेला असतो, ते काम मला जास्त भरवशाचं वाटतं. काही ठिकाणी विद्यार्थी खऱ्या पैशांचा गुंतवणूक निधी सांभाळतात. कुठे एखाद्या छोट्या उद्योगाला किंवा सेवाभावी संस्थेला सल्ला देण्याचं काम घेतात. असं काम मिळालं तर सोडू नकोस, कारण समोरच्याला तुझ्या स्लाइड किती देखण्या आहेत याच्याशी कर्तव्य नसतं, त्याला त्याचा प्रश्न सुटायला हवा असतो. केस स्पर्धाही, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण पुढ्यात ठेवून तोडगा मागणाऱ्या स्पर्धा, चांगल्या. वेळेचं बंधन, अनोळखी परीक्षक आणि थकलेली टीम, यात कोण कसा वागतो ते दिसतं. नुसतं खजिनदारपद मिळालं तरी नाक मुरडू नकोस. प्रायोजकांच्या दहा नकारांनंतर अकरावा फोन करायला लागणारा निगरगट्टपणा कुठल्याच विषयात शिकवत नाहीत.

आणि तू मानतेस तशी वर्ग आणि वर्गाबाहेर अशी भिंत तिथे फारशी नसतेच. हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 मध्ये सुरू झालं आणि 1921 मध्ये तिथे पहिली लिखित केस आली. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. समोर एका कंपनीची अडचण, माहिती अपुरी, आणि प्राध्यापक अचानक तुझं नाव घेऊन विचारणार की तू काय करशील. हार्वर्डमध्ये तर बऱ्याच विषयांत निम्मे गुण वर्गातल्या सहभागाचेच असतात. तिथे मान खाली घालून चालत नाही. तू शांत आहेस, मला माहीत आहे. शांत असायला हरकत नाही. केसमध्ये सगळ्यात आधी हात वर करणाऱ्याचं बोलणं बहुतेक वेळा सगळ्यात पोकळ असतं. पण एका तासात एक मुद्दा, तोही आधीच्याच्या बोलण्याला धरून, एवढं तुला नक्की जमेल.

आता ओळखींबद्दल. नेटवर्किंग हा शब्द ऐकला की तू तोंड वाकडं करतेस. माझंही होतं. कार्ड वाटत फिरणाऱ्या लोकांपासून मीही लांब उभी राहते. पण त्यामागची गोष्ट समजून घे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली नुकती नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. बाकीच्यांना ती मिळाली अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे. जवळच्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते बहुतेक तुलाही माहीत असतं, नवी बातमी येते ती लांबच्या माणसाकडून. 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या 2 कोटींहून जास्त लोकांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतून यात थोडी दुरुस्ती झाली: सगळ्यात उपयोगी पडतात त्या मध्यम ओळखी, अगदी घट्ट नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत. आता अशी मध्यम ओळख होते कुठे, ते सांग. शेजारच्या खुर्चीवर दोन वर्षं मुकाट बसून ती होत नाही. एकत्र एखादं काम केलं, एकदा भांडण झालं, एकदा कोणाची वेळ निभावून नेली, की होते.

वर्गमित्रांचा परिणाम किती खोल जातो, यावरही अभ्यास झालेत. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांची तुकड्यांत विभागणी होते, आणि कोण कुठल्या तुकडीत हे मुलांच्या हातात नसतं. त्याचा फायदा घेऊन जोश लर्नर आणि उलरिके माल्मेंडियर यांनी पाहिलं की ज्या तुकडीत आधी स्वतःचा धंदा करून आलेले लोक जास्त, त्या तुकडीतून पुढे धंद्यात पडणारे कमी निघतात. आणि जे कमी झाले ते मुख्यतः फसणारे धंदे होते. म्हणजे अनुभवी सोबत्यांनी बाकीच्यांच्या कच्च्या कल्पना वेळीच हाणून पाडल्या असाव्यात. तू कधी स्वतःचं काही सुरू करायचं म्हणालीस, तर आधी अशा माणसासमोर मांड. तो प्राध्यापकांपेक्षा निर्दयपणे बोलेल, आणि फी घेणार नाही.

एक गोष्ट तू मुलगी आहेस म्हणून वेगळी सांगते. 2019 मध्ये एका नामांकित बिझनेस स्कूलच्या 700 हून जास्त पदवीधरांचा अभ्यास आला. मुलगे असोत की मुली, ज्यांची ओळख बॅचमधल्या मध्यवर्ती, म्हणजे स्वतःच्या भरपूर ओळखी असलेल्या, लोकांशी होती त्यांना वरची पदं मिळाली. मुलींच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट लागली: दोन-तीन मुलींचं जवळचं वर्तुळ, आणि त्या मुलींच्या स्वतःच्या ओळखी वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेल्या. या दोन्ही गोष्टी ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या पहिल्या पदाचा दर्जा, या दोन्ही नसलेल्या मुलींच्या सुमारे अडीच पट होता. मला यात नवल वाटलं नाही. पगार किती मागायचा, कुठल्या टीममध्ये बाईला बोलू देत नाहीत, कुठला साहेब नावापुरता मोकळ्या विचारांचा आहे, या गोष्टी कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात. बाया बायांना सांगतात. तेव्हा मुलींच्या क्लबला "तिथे काय होणार" म्हणून उडवून लावू नकोस. आणि तिथे एकाच गटात रुतूनही बसू नकोस. तिघी एकाच हॉस्टेलच्या, एकाच विषयाच्या, एकाच कंपनीच्या मागे असतील, तर सोबत होईल पण बातमी येणार नाही.

तुझी वेळेची भीती खोटी नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं सत्र अंगावर येतं, आणि ते स्थिरावायच्या आत समर इंटर्नशिपच्या मुलाखतींची तयारी सुरू होते. त्याच काळात सिनियर मुलं आपापल्या क्लबसाठी माणसं गोळा करत फिरतात. उत्साहात सहा ठिकाणी नाव देणारे महिनाभरात सहाही ठिकाणी तोंड चुकवतात, आणि "सांगितलेलं करत नाही" हा शिक्का एवढ्याशा जागेत दोन वर्षं पुसला जात नाही. हीच मुलं पुढे तुझी सहकारी, गिऱ्हाइकं, कधी साहेबही होणार आहेत. म्हणून पहिल्या सत्रात एकच क्लब घे, आणि त्यातही पद मागू नकोस. कोणाला नको असलेलं एखादं काम उचल, प्रायोजकांचं किंवा हिशेबाचं, आणि तडीस ने. दुसऱ्या वर्षी लोक आपण होऊन विचारतील. नाही विचारलं तरी तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहायला लाजू नकोस. "मला नोकरी द्या" असं लिहिलंस तर उत्तर येणार नाही. "तुम्ही ऑपरेशन्समधून कन्सल्टिंगमध्ये गेलात, मीही तोच विचार करतेय, वीस मिनिटं मिळतील का" असं लिहिलंस तर बरेच जण हो म्हणतात. माणसांना स्वतःच्या प्रवासाबद्दल बोलायला आवडतं. बोलणं झाल्यावर आभार मान, आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या सल्ल्याचं तू काय केलंस ते कळव. हे दुसरं पत्र जवळजवळ कोणीच लिहीत नाही.

या सगळ्यात मार्क थोडे खाली आले तर मला फोन करून रडायचं नाही, आणि मीही विचारणार नाही. बाबा विचारतील, त्यांना मी सांभाळते. मात्र अकाउंटिंगमध्ये नापास झालेली मला चालणार नाही.

तिकडे पोचलीस की क्लबांची यादी हातात येईलच. ती मला पाठव. तू कशावर खूण करशील याचा अंदाज मी केलाय, तो आत्ता सांगत नाही. आणि कर्जाच्या कागदांवर तुझी एक सही राहिलीय, बाबा आज मेल करतील, उद्यापर्यंत परत पाठव.

तुझी,
आई