कॉलेजचं ग्राऊंड उन्हाळ्यात काहून बंद?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या समर कॅम्पच्या समारोपाची बातमी आली, फोटोसकट. फोटोत लेकरं कमी अन् पाहुणेच जास्त, ते ठीक आहे, आपल्याकडं फोटो असाच काढतात. पण बातमीत शेवटी एक ओळ होती की कॉलेजचा परिसर सुट्टीतही गजबजलेला असतो, ती वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या, अन् कापायचंच असलं तर कॅम्पबद्दलचं कापा, ग्राऊंडबद्दलचं कापू नका.

कॅम्पची वेळ होती सकाळी दहा ते एक. हो, दहा ते एक, अन् तेही मे महिन्यात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पारा 43-44 वर असतो, अकरानंतर कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही, आणि इथं दुसरी-तिसरीतली लेकरं हॉलमध्ये झुम्बा करतायत, कूलर दोनच, त्यातला एक स्टेजकडं तोंड करून ठेवलेला. फी हजाराच्या वर, त्यात टी-शर्ट, टोपी आणि सर्टिफिकेट. माझ्या साळ्याचा पोरगाही होता, त्याला मजा आली, नाही म्हणत नाही. पण त्या कॉलेजात जे पोट्टे-पोट्टी वर्षभर शिकतात त्यातलं एकही तिथं नव्हतं, कारण त्यांची विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा चालू होती, आणि परीक्षा संपली की त्यांच्यासाठी गेट बंद, ते थेट जूनच्या शेवटापर्यंत. विदर्भातल्या शाळाही बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, तपनच तशी असते आपल्याकडं, त्यामुळं ही सुट्टी चांगली लांबलचक असते.

आता ग्राऊंडचं. कॉलेजचं ग्राऊंड म्हणजे तालुक्यातलं एकमेव सपाट मोकळं ग्राऊंड आहे, चारशे मीटरचा ट्रॅक चुन्यानं आखता येतो, बाजूनं कडुनिंबाची झाडं आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आमच्या भागात गावागावात आहेत, शेती परवडत नाही, कापसाचा भाव काय आहे ते तुम्हीच छापता, मग भरतीशिवाय दुसरं दिसतं काय? मैदानी चाचणी 50 मार्कांची, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, वरून 100 मीटर आणि गोळाफेक. सेकंदा-सेकंदावर मार्क कटतात. याची तयारी कुठं करायची? ग्राऊंडच्या गेटला कुलूप म्हणून ही पोरं पहाटे साडेचारला डांबरी रोडवर धावतात. माझी भाची धावते. तिचा भाऊ मागून मोटारसायकलवर लाईट पाडत हळूहळू येतो, का तर तोच टाइम रेतीच्या टिप्परचा असतो, ते रात्रभर चालतात आणि उजाडायच्या आत मोकळं व्हायचं म्हणून सुसाट येतात, ड्रायव्हर रात्रभराचा जागा. रोडची साईडपट्टी खचलेली. टिप्परचा आवाज आला की पोरी एका लाईनीत बाभळीकडं सरकून उभ्या राहतात, तोंडावर ओढणी धरतात, फुफाटा बसला की पुन्हा धावायला लागतात. टायमिंग काय घंटा बसणार त्यात! आणि डांबरावर रोज धावून नडगी दुखते ती वेगळीच, गोळाफेकीचं तर नावच नको, चार किलोचा गोळा काय रोडवर फेकणार?

मी एक दिवस स्वतः गेटवर जाऊन चौकीदाराला म्हटलं, भाऊ, सकाळचे दोन तास उघडत जा ना. तो म्हणे, "साहेबाले विचारा, मले ऑर्डर नाही, चाबी ऑफिसात राह्यते." ऑफिसात गेलो. ऑफिस उघडंच होतं, कारण सुट्टी प्राध्यापकांना असते, क्लार्क-शिपाई मे महिन्यातही येतातच, फक्त ते येतात साडेदहाला आणि जातात संध्याकाळी, म्हणजे नेमक्या ज्या टायमाला ग्राऊंडवर कोणी पाय ठेवू शकत नाही त्या टायमात कॉलेज उघडं. तिथं उत्तर मिळालं की कोणाला काही लागलं, पडलं तर जबाबदारी कोणाची. प्रश्न खोटा नाही. पण रोडवर टिप्परनं उडवलं तर ती जबाबदारी कोणाचीच नसते, म्हणून ते चालते का? पालकांचं संमतीपत्र घ्या, आधार कार्डाची झेरॉक्स घ्या, रजिस्टरवर सही घ्या, वेळ झाली की गेट पुन्हा लावा. कॅम्पच्या लेकरांसाठी हे सगळं केलंच होतं की.

दुसरी गोष्ट ऑन जॉब ट्रेनिंगची, म्हणजे पोरं ज्याला ओजेटी म्हणतात. नवीन शैक्षणिक धोरणात 4 क्रेडिटचं हे काम आहे, एका क्रेडिटचे 30 तास धरले तर 120 तास होतात, आणि हे बहुतेक सुट्टीतच उरकावं लागतं. पुण्या-नागपुरात ठीक आहे, आमच्या बीएस्सीच्या पोरांनी जायचं कुठं? इथं ना कंपनी ना लॅब. मग काय होते ते सगळ्यांना माहीत आहे, कोणाच्या तरी काकाचं कृषी केंद्र असते, मामाचं मेडिकल असते, तिथून लेटरहेडवर सही-शिक्का आणायचा आणि फाईल जमा करायची. मी काही कोणाचं नाव घेत नाही, पण शंभर-सव्वाशे तासांचं काम अर्ध्या तासात होते.

आणि काम समोरच पडलेलं आहे हो! मे-जून म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याचा टाइम. सोयाबीन सरळ वाणाचं पीक, म्हणजे हायब्रीड नाही, त्यामुळं घरचं बियाणं तीन वर्षं वापरता येतं, पण त्याचं टरफल नाजूक, थ्रेशर जोरात फिरला किंवा चुंगड्यांची थप्पी उंच लागली की आतला अंकुर मरतो, वरून दाणा मस्त टपोरा दिसतो. म्हणून पेरणीआधी उगवण तपासायची असते. काही मोठं सायन्स नाही, गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, चुंगडीतून मधून-मधून दाणे काढून दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरात उघडून मोजायचं. शंभरातले 70 निघाले तर बियाणं पास, त्याखाली आलं तर एकरी बियाणं वाढवायचं नाहीतर बदलायचं. कृषी विभाग दरवर्षी सांगते, पण गावात दहातले आठ जण करत नाहीत, मग पहिल्या पावसात पेरतात, निघत नाही, आणि दुबार पेरणी बोकांडी बसते. आता बॉटनीच्या पोरांनी कॉलेजच्या व्हरांड्यात जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे टेबल लावलं, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी मूठभर बियाणं पिशवीत घेऊन आले, पोरांनी नोंद ठेवली, फोनवर रिझल्ट कळवला, तर ओजेटीचे खरे तास भरतील की नाही? केमिस्ट्रीवाले मातीचे नमुने पाहू शकतात, सुट्टीत वावर मोकळं असतं, खत टाकायच्या आधीच नमुना घ्यायचा असतो, पण त्याला सामान लागते, ते एकदम होणार नाही हे मला कळते. गोणपाट तर फुकट आहे!

कोणी म्हणेल आपल्याकडं असं सुट्टीतलं काही चालतच नाही, उन्हामुळं. का नाही चालत? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन तिथल्या लोकांना देशी खेळ दाखवून आलेली संस्था, तिथं उन्हाळ्यात शिबिर असते आणि लेकरं पहाटेच मैदानावर असतात. गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं तर खेड्यापाड्यात होतात, सामुदायिक प्रार्थना, लाठीकाठी, श्रमदान, सगळं ऊन चढायच्या आत, दुपारी लेकरं सावलीत. ना झुम्बा, ना स्टेज. उन्हाळ्याचं टाइमटेबल सूर्याच्या हिशेबानं लावायचं असते हे विदर्भातल्या माणसाला शिकवायची गरज आहे का बाप्पा, पण कॉलेजच्या ऑफिसातलं घड्याळ तेवढं वेगळं चालते.

मुलींचा एक वेगळा मुद्दा आहे तो इथं थोडक्यात टाकतो. सुट्टी लागली की एसटीच्या शाळा-कॉलेजच्या फेऱ्या बंद होतात, अर्ध्या तिकिटाची सवलत महिलांना 2023 पासून आहे पण बसच नसली तर सवलतीचं करायचं काय, म्हणून बाहेरगावच्या मुली सकाळी ग्राऊंडवर पोचूच शकत नाहीत. आणि कॉलेजच्याच आवारातलं मुलींचं होस्टेल मे-जून रिकामं असते. भरतीवाल्या पंधरा-वीस मुलींना तिथं राहू दिलं, मेसचा खर्च त्यांनी वाटून केला, तर काय बिघडते? यात वॉर्डन मॅडमची सुट्टी जाईल, ते कबूल आहे, त्याचं काहीतरी मानधन ठरवावं लागेल, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करायला हरकत नाही.

समर कॅम्प बंद करा असं मी म्हणत नाही. लेकरांना तो टाइम बदलून सकाळी सहा ते नऊ करा, फी कमी करा, टी-शर्ट नसला तरी चालतो. आणि त्याच वेळेत ग्राऊंड उघडं ठेवा, म्हणजे चौकीदार एकच लागेल.

आम्ही चार-पाच पालक आणि भरतीवाली पोरं येत्या सोमवारी प्राचार्य सरांना भेटणार आहोत, निवेदन टाईप करून ठेवलं आहे, सह्या चालू आहेत. ग्राऊंडवर रांजण आणि रोजच्या पाण्याचं मी माझ्या दुकानातून बघतो. तुम्ही हे पत्र शनिवार-रविवारच्या अंकात छापलं तर कात्रण निवेदनाला जोडता येईल, तेवढं पहा.

आपला,
एक नियमित वाचक व त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी,
जि. यवतमाळ