पगारमर्यादेचा भार कोणावर?

चि. अनिरुद्ध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगविषयी तू जे लिहिलेस ते लक्षपूर्वक वाचले. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, ठरलेली असते. त्यामुळे एखाद्या धनाढ्य मालकाला सगळे चांगले खेळाडू ओढून नेता येत नाहीत आणि स्पर्धा बरोबरीची राहते, असे तुझे म्हणणे. ते खोटे नाही. पण तो निम्माच हिशेब आहे, आणि सारे आयुष्य कामगार कायद्याच्या कामात घालवलेल्या तुझ्या आईला उरलेला निम्मा मांडल्याशिवाय राहवत नाही.

ही मर्यादा आली कशी, ते आधी पाहा. १९९३ पर्यंत करार संपलेल्या खेळाडूलाही मनाजोगत्या संघाकडे मोकळेपणाने जाता येत नसे. १९८७ मध्ये खेळाडूंनी याच प्रश्नावर संप केला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून सामने चालू ठेवले आणि काही आठवड्यांतच संप मोडला. मग लढाई न्यायालयात गेली. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांनाच मोकळे सोडायचे, अशी मालकांनी १९८९ मध्ये आणलेली पद्धत १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कसोटीवर बेकायदा ठरवली, आणि त्यानंतर रेजी व्हाइट या खेळाडूच्या नावे चाललेल्या दाव्यात १९९३ मध्ये तडजोड झाली. ठरावीक वर्षे खेळलेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूला मोकळीक मिळाली; त्या मोकळिकीची किंमत म्हणून मालकांनी पगारमर्यादा पदरात पाडून घेतली. पहिली मर्यादा १९९४ ची, प्रत्येक संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरवर गेली. तेव्हा ही व्यवस्था खेळाच्या भल्यासाठी कोणाला सुचलेली युक्ती नव्हे, दोन पक्षांनी घासाघीस करून केलेला सौदा आहे, हे आधी ध्यानात घे.

मालकांना या सौद्यातून काय मिळाले? खर्चाची खात्री. प्रक्षेपणाच्या हक्कांचे राष्ट्रीय उत्पन्न बत्तीस संघांत सारखे वाटले जाते. ग्रीन बे पॅकर्स हा संघ हजारो सामान्य भागधारकांच्या मालकीचा असल्यामुळे त्याचा ताळेबंद जाहीर होतो (बाकीचे एकतीस मालक आपला हिशेब झाकून ठेवतात, हे ओघाने आलेच). मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात या वाटणीतून त्या संघाला ४० कोटी डॉलरहून थोडे अधिक मिळाले. त्या हंगामाची पगारमर्यादा होती २२ कोटी ४८ लाख. म्हणजे एक तिकीट विकण्याआधीच सगळ्या खेळाडूंचा पगार भागून वर मोठी रक्कम उरते. खेळाडूंचे विमा-निवृत्तीसारखे लाभ वेगळे धरले तरी चित्र फारसे पालटत नाही. अशा धंद्याची किंमत वाढणारच. वॉशिंग्टनचा संघ १९९९ मध्ये स्टेडियमसह सुमारे ८० कोटी डॉलरला विकला गेला आणि २०२३ मध्ये ६०५ कोटींना, आणि मधली चोवीस वर्षे त्या संघाची कामगिरी बहुतांशी सुमारच होती. बरोबरीचे श्रेयही मी उत्पन्नाच्या या वाटणीला आणि दुबळ्या संघाला नव्या खेळाडूंची पहिली निवड देणाऱ्या ड्राफ्टला जास्त देईन, पगारमर्यादेला कमी.

मर्यादेचे खरे काम काय, हे २०१० मध्ये उघडे पडले. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारातील तरतुदीनुसार त्या एका वर्षी मर्यादाच नव्हती. डॅलस आणि वॉशिंग्टन या संघांनी तेव्हा मोठ्या करारांचा भार त्या वर्षात ढकलला, तर २०१२ मध्ये लीगने त्यांच्या पुढच्या मर्यादेतून अनुक्रमे १ कोटी आणि ३ कोटी ६० लाख डॉलर कापले. नियमात मर्यादा नसतानाही खर्च आवरता घ्यावा अशी अपेक्षा होती, हाच त्याचा अर्थ. मालकांना धाक खेळाडूंचा नसतो, शेजारच्या मालकाचा असतो. मर्यादा हा त्यांनी एकमेकांपासून करून घेतलेला बंदोबस्त आहे. खेळाडूंचीही त्या वर्षी चांदी झाली नाही, कारण कमाल मर्यादेबरोबर किमान खर्चाची अटही गेली, आणि मोकळीक मिळण्यासाठी चारऐवजी सहा वर्षांची सेवा लागू लागली.

आता खेळाडूंकडे वळते. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, मालकांनी चार महिन्यांहून अधिक काळ टाळेबंदी केली, म्हणजे खेळाडूंना कामावरच येऊ दिले नाही. त्यातून निघालेल्या करारात एकूण उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा किमान ४७ टक्के ठरला, आणि २०२० च्या करारात तो ४८ टक्के झाला. पण २०११ मध्येच नवोदितांच्या पगारालाही वेगळी वेसण घातली गेली. २०१० चा पहिला निवडलेला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. २०११ चा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांच्या सुमारे २ कोटी २० लाखांवर थांबला. असा पैसा वाचला की तो अनुभवी खेळाडूंकडे जाईल, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात तो मुख्यतः क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, आणि मोजक्या नामवंतांकडे गेला, आणि उरलेल्या जागा संघांनी स्वस्त तरुणांनी भरल्या. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधली अगदी शेवटची निवड. २०२३ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरहून कमी पगारात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले. तो वाचलेला पैसा संघाने इतरांवर खर्चला. २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार मिळाला, तेव्हा साहजिकच इतर कोणाच्या तरी वाट्यातून ही रक्कम काढावी लागणार. एकूण रक्कम बांधलेली असली की एका खेळाडूची पगारवाढ दुसऱ्याच्या ताटातून येते आणि मालकाला प्रत्येक वेळी हात वर करून मर्यादेकडे बोट दाखवता येते. माझ्या मते मालकांचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

चेपला जातो तो मधला खेळाडू, सहा-सात वर्षे खेळलेला, उपयुक्त पण तारा नसलेला. सेवेच्या वर्षांबरोबर किमान पगार वाढतो, म्हणून असा माणूस नवशिक्यापेक्षा महाग पडतो. ही अडचण इतकी उघड होती की किमान पगारावर घेतलेल्या अनुभवी खेळाडूची पूर्ण रक्कम मर्यादेत न मोजण्याची सवलत करारातच घालावी लागली. सवलत चांगली, पण तिच्यामुळे त्याची मजल किमान पगारापलीकडे जातेच असे नाही. करोनामुळे उत्पन्न घटून २०२१ ची मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आली, तेव्हा संघांनी पहिली कात्री याच मधल्या फळीवर चालवली.

बातम्यांतले आकडे वाचताना मात्र फसू नकोस. पाच वर्षांच्या करारावर सही करताना ५ कोटींची ठोक रक्कम, म्हणजे साइनिंग बोनस, दिला, तर पैसे खेळाडूच्या हाती लवकर पडतात, पण मर्यादेत ते दरवर्षी एक कोटी असे मोजले जातात. खेळाडूला दोन वर्षांनी सोडले, तर उरलेले तीन कोटी संघाच्या हिशेबात चढतात. त्याला तिकडे डेड मनी म्हणतात. डेन्व्हरच्या संघाने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडले, तेव्हा ही रक्कम दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलर झाली. मर्यादा ताणता येते ती अशी. मात्र साइनिंग बोनस सोडला, तर कराराच्या पुढच्या वर्षांचे आकडे बहुधा हमीचे नसतात. दुखापतीतून बरा झालेला पण वेग मंदावलेला खेळाडू संघ सोडून देतो आणि उरलेला करार कागदावरच राहतो. २०२२ मध्ये क्लीव्हलंडच्या संघाने क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर संपूर्ण हमीने दिले, तेव्हा इतर मालक किती अस्वस्थ झाले, ते आठव.

खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द तीन वर्षांहून थोडी अधिक असल्याचे सांगते. मालकांची बाजू वेगळ्या रीतीने मोजून हा आकडा मोठा दाखवते. संघटनेचा हिशेब धरला, तर १९९३ मध्ये ज्या मोकळिकीसाठी पगारमर्यादा स्वीकारली, ती मिळायला लागणारी चार वर्षे बहुतेकांची भरतच नाहीत. भरली तरी फ्रँचाइझी टॅग, म्हणजे एका वर्षाच्या ठरावीक पगारावर खेळाडूला रोखून धरण्याचा हक्क, वापरून संघ त्याला आणखी एक वर्ष अडवू शकतो. सध्याचा सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटीत संघटनेने मर्यादा उठवण्याची मागणी करण्यात शक्ती घालवू नये, चाराऐवजी तीन वर्षांत मोकळीक आणि पगाराची हमी एवढे दोनच मुद्दे धरून बसावे, असे मला वाटते. तुझे मत वेगळे असेल, तर आकड्यांसह लिहून पाठव.

तुझी,
आई