विन्या, ओबासान जेवायला येते आहे

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

ओबासान, आपली ती दुकानवाली मावशी, जिच्याकडे आपण खिमा मळायचो, आमच्याकडे जेवायला येते आहे. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी. आणि तिला त्सुकुने हवेत, कोंबडीच्या खिम्याचे ते काडीवरचे गोळे. माझ्या हातचे.

मृणालला सांगितलं तर म्हणाली, "अरे वा, मग कर की." मुलीने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "बाबा, ते तर तुम्हाला येतात." म्हणून तुला लिहायला बसलो. ही बातमी ऐकून पोटात गोळा येईल असा माणूस या पृथ्वीतलावर तू एकच. फोनच करणार होतो, पण ओबासानचं नाव निघालं की तुझ्या दाराची बेल वाजते, हे मला आता पाठ झालंय. पत्राला ती सोय नाही. इतके महिने पत्र नाही म्हणून बोंब मारू नकोस, तुझंही आलेलं नाही.

आम्ही सगळे ठीक. गुडघा आहे तिथेच आहे.

तर झालं असं की तिचा फोन आला. फुनाबाशीला मुलीकडे असते आता. कोरोनात दुकानाचा पडदा उतरवला तो उतरवलाच, हे तुला माहीत आहे. आवाज तोच, कोळशावर पाणी टाकल्यासारखा. "ऐकते की तू घरी त्सुकुने करतोस. मुलगी म्हणते फोटोत चकाकतात. फोटोत काय, प्लास्टिकही चकाकतं." मी हसलो. ती नाही हसली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं विकले, पण तुटलेले आणि काडीवरून घसरलेले तेवढेच माझ्या पोटात गेले. अख्खी काडी कोणी पुढ्यात ठेवली नाही. तू ठेव."

आता सांग, याच्यावर माणसाने काय बोलायचं? मी "हाय" म्हणालो, म्हणजे जपानीत "हो".

तेव्हापासून झोप नाही. पहिली भानगड नानकोत्सुची. तिच्या गोळ्यात कोंबडीच्या कुर्च्या बारीक चिरून असायच्याच. मऊ खिम्यात ती कुर्रकन लागणारी गोष्ट म्हणजेच तिचं दुकान. आणि आता तिला कवळी आहे, वरची आणि खालचीही. घातल्या तर चावणार नाहीत. नाही घातल्या तर पहिल्याच घासाला विचारेल, "उरलेलं कुठे गेलं?" रेनकोन घालून पाहिला. कमळकाकडी जाडसर चिरली तर कवळीला तीच अडचण, पूर्ण किसली तर कुरकुरीतपणा जातो आणि गोळा चिकट, तांदळाच्या मोचीसारखा होतो. शेवटी थोडी किसलेली आणि थोडी अगदी तांदळाच्या दाण्याएवढी चिरलेली, यावर येऊन थांबलोय. चावायला काही नाही, पण दाताला कळतं की वाटेत काहीतरी होतं.

दुसरी भानगड मिठाची. डॉक्टरने तिला दिवसाला ६ ग्रॅमच्या आत राहायला सांगितलंय. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात २.६ ग्रॅम मीठ असतं. मी चारशे ग्रॅम खिम्याचे वीसेक गोळे करतो, त्याला सॉस तीन चमचे. म्हणजे तिने चार खाल्ले तर बाहेरच्या लेपातूनच दीड ग्रॅम. मृणाल म्हणाली, मग तो फिक्या रंगाचा वापर, उसुकुची. तिला वाटलं फिका म्हणजे कमी खारट. उसुकुचीत मीठ जास्त असतं, १८ टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्यात १६. रंग दडपायलाच तर मीठ वाढवतात. हे मी तिला समजावलं तर म्हणाली, "तुझ्याशी लग्न करताना हे कोणी सांगितलं नव्हतं." ("हे" म्हणजे सोया सॉस नव्हे, असं मला वाटतं.)

बरं, लेपातलं मीठ कमी करता येईना तर खिम्यातलं करावं, तर गोळा बांधणार कोण? आठवतं ना, ती आपल्याला फ्रिजमधून काढलेल्या गारठलेल्या खिम्यात आधी नुसतं मीठ घालून मळायला लावायची. बोटं बधिर व्हायची, आणि तू जेवढ्या शिव्या द्यायचास तेवढा खिमा पांढरट होत जायचा. मिठामुळे मांसातलं प्रथिन सुटून चिकट होतं, त्यावरच सगळा गोळा उभा असतो. गरम हाताने केलं तर चरबी वितळते आणि मग काही खरं नाही. तर आता मीठ निम्मं केलंय, आणि ती कसर नागाइमो (तो चिकट जपानी कंद) किसून, एक अंडं आणि चमचाभर काताकुरिको, म्हणजे बटाट्याचा स्टार्च, घालून भरून काढतो. नागाइमोने गोळा हलका होतो, कवळीलाही बरा. मात्र किसताना हात खाजतात. हातांना व्हिनेगर चोळलं की थांबतं. तुझे हात पहिल्यांदा खाजले तेव्हा "ही कामगार कायद्याची पायमल्ली आहे" असं तू भर दुकानात जपानीत म्हणाला होतास आणि गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आठवड्याला २८ तासांची परवानगी असलेला विद्यार्थी कामगार कायद्यावर बोलतोय! आणि नंतर सम्राट तेम्मूवर. ६७५ साली त्याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली, ती उठवली नसती तर मला या काड्या धुवाव्या लागल्या नसत्या, हे तुझं रोजचं कीर्तन. ती बंदी एप्रिल ते सप्टेंबरच होती रे. हिवाळ्यात तुला काड्या धुवाव्याच लागल्या असत्या.

पण मिठाचं आणि दातांचं निभेल. खरी धास्ती चकाकीची आहे.

तिच्याकडे काय होतं? किशूचा बिनचोतान कोळसा, धूर न करता लाल होणारा. त्यावर गोळ्यातली चरबी टपकली की तेवढाच धूर, आणि तोच परत गोळ्याला. आणि ते सॉसचं भांडं. रोज रात्री उकळायचं, रोज भर घालायची, कधी रिकामं करायचं नाही. किती वर्षांच्या किती काड्या त्यात बुडाल्या होत्या कोण जाणे, त्या प्रत्येकीने आपला थोडा रस आणि थोडी चरबी त्यात ठेवलेली. ते पाणी तू त्या भांड्यात ओतलंस की टपकलं, हा वाद मी आता उकरत नाही. (ओतलंस.)

माझ्याकडे काय आहे? सहाव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, एक फ्रायपॅन आणि शेगडीतला मासे भाजायचा खण. त्या खणात गोळे भाजून पाहिले. जरा करपट बाजू येते खरी, पण आदल्या दिवशीच्या सान्माचा वास घेऊन येतात. ओबासानला कोंबडीत मासा सापडला तर ती तिथेच चपला घालेल. म्हणून फ्रायपॅनच. आधी गोळे उकळत्या पाण्यात सोडतो, मुठीतून अंगठ्याजवळ दाबून वर काढायचा आणि ओल्या चमच्याने उचलायचा, तिच्याच पद्धतीने. तरंगले की बाहेर. ते पाणी टाकत नाही, त्याचं सूप. मग पुसून कोरडे केलेले गोळे थोड्या तेलात सगळीकडून तांबूस करायचे.

इथे माझी गाडी बरेच दिवस अडली होती. सॉस ओतला की खदखदायचा, आटायचा, छान दिसायचा, आणि ताटलीत घेतला की गोळा बोडका आणि लेप खाली तळ्यात. कारण चरबी. तांबूस होताना सुटलेली चरबी पॅनमध्ये तशीच राहिली तर सॉस गोळ्याला धरतच नाही, घसरतो. आता कागदाने पॅन लख्ख पुसतो, मगच सोया, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साके तीन-तीन चमचे, साखर एक. बुडबुडे आधी लहान आणि घाईत असतात. ते मोठे आणि आळशी झाले की पॅन हातात घेऊन नुसता फिरवत राहायचं. आणि वाटतं त्याच्या जरा आधीच उतरवायचं, कारण गार होताना तो अजून घट्ट होतो. अर्धं मिनिट जास्त झालं की साखर कडू.

मिरिन खरा पाहिजे. मुलीने परवा "मिरिन-फू" आणला, स्वस्त होता म्हणून. त्यात दारू एक टक्काही नसते, साखरेचा पाकच तो. होन-मिरिनमध्ये १४ टक्के असते, चिकट तांदूळ कोजीच्या बुरशीने मुरून आलेली गोडी असते, ती जिभेवर रेंगाळत नाही. तो दारूच्या फळीवर असतो म्हणून पोरीला दिसलाच नाही. मुलीला दारूची फळी दिसत नाही याचा बाप म्हणून आनंद मानावा, पण मी ओरडलो.

आता तुझ्या लाडक्या विषयावर येतो. नाही, पाकात स्टार्च घालणार नाही. तू कितीही नाक वर करून सांग की शाळेच्या डब्यातल्या निकु-दांगोंना (मांसाच्या गोळ्यांना) तसंच करतात. तो लेप झटपट चकाकतो हे मान्य. पण थोड्या वेळाने त्याला साय धरते आणि चव पिठात बुडते. आटवलेला लेप गार झाला तरी गोळ्याला धरून राहतो. हां, उकडलेल्या गोळ्यांवर तांबूस करायच्या आधी काताकुरिकोची अगदी पातळ भुरभुर करतो. त्याने लेप धरायला जागा मिळते. ही तुझी जीत समजू नकोस, गोळ्यावर आणि पाकात यात फरक आहे, आणि तो फरक मी तुला त्या खोलीतल्या गादीवर बसून पहाटेपर्यंत समजावला होता.

तर एवढं सगळं जमतंय. मुलगी म्हणते मस्त होतात. मृणाल म्हणते ओबासानपेक्षा मऊ होतात. आणि तिथेच माझं घोडं पेंड खातं. ओबासानपेक्षा वेगळे होतात, हे नक्की. धूर नाही, ते भांडं नाही, कुर्च्या नाहीत, मीठ निम्मं. मग मी तिला काय वाढणार आहे? तिच्याच पदार्थाची कवळीसाठी केलेली नक्कल? की माझा म्हणून काही? नक्कल केली तर ती प्रत्येक घासाला उणं काढेल आणि ते बरोबर असेल. माझा म्हणून वाढला तर म्हणेल, मग याला त्सुकुने कशाला म्हणतोस. मला वाटतं, माझाच वाढावा. वर सान्शोच्या जपानी मिरपुडीची चिमूट, बाजूला कच्च्या अंड्याचा बलक, खाली शिसोचं पान, एवढं तिचं. बाकी फ्रायपॅनचं. काडीला लावणारच नाही, म्हणजे घसरण्याचा प्रश्न नाही. पण "अख्खी काडी" म्हणाली ना ती. मग लावू? तू सांग.

आता जे सांगायचं टाळत इथवर आलोय ते.

फोन ठेवताना तिने विचारलं, "बिनायाकु-सान कुठे असतो?" मी म्हटलं, हाकाताला. गप्प झाली. मग म्हणाली, तुझ्या शेवटच्या महिन्याच्या पगाराचं पाकीट अजून तिच्या ड्रॉवरमध्ये आहे. तू एप्रन खिळ्याला लावून गेलास, तिला वाटलं दुसऱ्या दिवशी येशील, मग वाटलं महिनाअखेरीला पैशासाठी तरी येशील. दुकान बंद झालं तेव्हा तिने भांडीकुंडी देऊन टाकली, पाकीट घेऊन फुनाबाशीला गेली. म्हणाली, "नोटा जुन्या आहेत, सोसेकीच्या. त्याला चालतील का विचार." २००३ च्या नोटा त्या. हजाराच्या नोटेवरून २००४ ला सोसेकी जाऊन नोगुची आला, २०२४ च्या जुलैत नोगुची जाऊन कितासातो आला. सोसेकी अजून चालतो, मी तिला सांगितलं. "मग घेऊन येते," म्हणाली. मी तू येणार असं म्हटलेलं नाही. येणार नाही असंही म्हटलेलं नाही.

त्या भांड्यावरून सगळ्यांसमोर ओरडली हे तिचं चुकलंच होतं, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. पण माझ्याशीसुद्धा वर्षभर बोलायचं नाही, हे कुठलं रे?

बाकी तुझं कसं? घर बदललंस म्हणे, खोके उघडलेस का? धाकट्याच्या परीक्षेचं काय झालं? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे मृणालला वहिनींकडून कळलं, बरं वाटलं. रक्तदाब बघत जा, तुलाही तो ६ ग्रॅमचा हिशोब लागू आहे.

हाकाताहून नोझोमी बुलेट ट्रेनने पाच तास. शनिवारी रात्री आलास तर मृणाल भावजींसाठी पुढच्या खोलीत गादी घालेल, आणि रविवारी सकाळी नागाइमो तू किसायचास. व्हिनेगर आहे घरात. लांबलचक उत्तर लिहू नकोस, कारणं तर मुळीच नकोत. मला फक्त एवढंच कळव: खिमा चारशे ग्रॅम आणू की आठशे?

तुझा,
सुध्या

ता. क. काताकुरिकोचा डबा वरच्या फळीवर आहे. पाकात घालायचा नाही.