दादाचे सोमवार

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला लागले की आई रडते आणि मग मलाही काही सुचत नाही, म्हणून लिहितेय. दादा व्यसनमुक्ती सेंटरमधून थेट माझ्याकडे आलाय आणि आता इथेच राहील. आणि तो श्रावणी सोमवार करणार नाहीये. आई, तू नवस बोललीयेस मला माहितीये, पण चिडू नकोस, आधी सगळं वाच.

तिथे सलाईन लावायच्या आधी त्याला इंजेक्शन दिलं ना, तू ताकदीचं म्हणालीस ते, ते बी-वन होतं, म्हणजे थायमिन. साखरेपासून शक्ती मिळवायला मेंदूला ते लागतंच. दारूमुळे आतड्यात ते नीट शोषलं जात नाही आणि अंगातला साठा मुळात दोन-तीन आठवड्यांचाच. अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं, मग तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, माणूस बरळतो, कधी आठवण कायमची जाते. बाबा, गेल्या गणपतीत दादा शपथेवर सांगत होता की घेतलेली नाही आणि तरी झोकांड्या जात होत्या, डॉक्टर म्हणाले तेही यामुळे असू शकतं.

आता उपास. पोट रिकामं असलं की रक्तातली साखर लिव्हर सांभाळतं, त्याच्या लिव्हरला अजून ते झेपत नाही. साखर उतरली की घाम, थरथर, चिडचिड, आणि त्याला ती दारूची तलफच वाटते गं. म्हणून दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात हवं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खिचडीत कामाचा काय तो तुझा शेंगदाण्याचा कूट.

जेवणाची काळजी करू नका. मटकीची उसळ, अंडी, भाकरी, वरण, दूध सगळं असतं, गोड मागतो तर शेंगदाण्याचा लाडू देते. मागची खोली त्याला दिलीये, हवेशीर आहे, झोप लागते. नुसत्या खाण्याने दारू सुटत नाही हे मलाही कळतं, गोळ्या, काउन्सेलिंग, ग्रुप सगळं चालू आहे. लहानपणी शाळेतून आलो की तू आधी गूळ-शेंगदाणे पुढ्यात ठेवायचीस आणि हा माझ्या वाटीतले पण उचलायचा. परवा रात्री स्वतःहून म्हणाला, काही खायला आहे का, इतकं बरं वाटलं आई.

तू पाठवलेलं द्राक्षासव मात्र मी त्याला दिलेलं नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. आसव-अरिष्टात आंबवताना अल्कोहोल तयार होतं. तो डायसल्फिराम घेतोय, म्हणजे दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी, त्यावर थोडं जरी अल्कोहोल गेलं तरी त्यातून तयार होणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड अंगात साचतं, मग चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली. खोकल्याचं औषधही मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

तुम्ही काही कमी केलंत म्हणून त्याला इकडे आणलं असं अजिबात नाही. पण तिथे चौकातलं दुकान, ते मित्र, आणि बाबा तुम्ही रात्रभर दाराकडे बघत बसणार, आता तुमच्याने ते व्हायचं नाही.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची. आई, नवस तुला फेडायचाच असेल तर तू सोमवार कर, पण शुगरच्या गोळ्यांवर निर्जळी अजिबात नाही, आधी डॉक्टरांना विचार. रविवारी दोघंही या, एसटीने नको, मी गाडी पाठवते. येताना घरचे शेंगदाणे आणा आणि हातसडीचे तांदूळ मिळाले तर तेही.

तुमची,
छोटी